जुन्या मोटारीची धाव

खेड्यांत बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना मापाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. धाव तापवून लाल करावयाची, सांडशींनीं उचलून चाकावर बसवावयाची आणि वर पाणी ओतून आवळून घ्यावयाची. ती बोटभर मोठी झाली तर पहिल्याच उतारावर निखळते. लहान झाली तर चढतच नाहीं. चाक आणि धाव एकाच गांवीं, एकाच डोळ्याखालीं घडत असल्यामुळें लोहाराला आंकड्यांची गरज पडत नसे. मोटारीचें तसें नाहीं. तिचें चाक एका देशांत, एका काळीं घडलेलें. तिचा टायर दुसऱ्या देशांत, दुसऱ्या काळीं. दोहोंची गांठ पडते ती टायरच्या अंगावर उमटविलेल्या आंकड्यांवरून. आणि ज्या भाषेंत ते आंकडे लिहिले जातात, ती भाषा गेल्या सवाशें वर्षांत अनेक वेळां पालटली आहे.

जुन्या मोटारी जतन करण्याचा छंद आपल्याकडे आतां पुष्कळ रुजला आहे. इंग्लंडांतील विंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९१९ ते १९३० या काळांतील गाडीसच ‘विंटेज’ म्हणतो. आपल्या सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांत पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूप राखलेली गाडी त्या नांवास पात्र ठरते. व्याख्या कोणतीहि घ्या, अशा गाडीच्या धन्यापुढें एक प्रश्न आज ना उद्यां उभा राहतोच. मूळचे टायर जीर्ण झाले. नवे रेडियल घालावे काय, आणि घालावे तर कोणत्या मापाचे? हा प्रश्न वरवर यंत्रकाराचा दिसतो. परंतु त्याचें निम्मेंअधिक उत्तर इतिहासांत आहे.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालीं पेटंट करून ठेविली होती; पण तिच्या उपयोगाची वाहनेंच तेव्हां नव्हतीं. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप यांनीं १८८८ सालीं तीच कल्पना पुन्हां नव्यानें शोधली, आणि सायकलीच्या लाटेवर ती जगभर गेली. १८९५ सालीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेच्या टायरांवर मोटार धांवडविली. या पहिल्या काळांतील टायर अरुंद व उंच असत, आणि त्यांत हवा फार कोंबावी लागे. त्यांचीं मापें फ्रान्सांत मिलिमीटरांत, तर अमेरिकेंत इंचांत लिहिलीं जात; पण दोहींकडे पहिला आंकडा असे तो संपूर्ण टायरच्या बाहेरील व्यासाचा. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीच्या मागील चाकांना ३० × ३½ हें माप असे. तीस इंच उंच आणि साडेतीन इंच जाड, असा त्याचा अर्थ. चाकाचा स्वतःचा व्यास त्यांत कोठेंच लिहिलेला नाहीं. तो वाचकानें वजाबाकी करून काढावयाचा: तीसांतून दोन वेळां साडेतीन गेले, राहिले तेवीस.

१९२३ च्या सुमारास अमेरिकेंत फायरस्टोननें ‘बलून’ टायर आणला. तो जाड, मऊ आणि थोड्या हवेवर चालणारा होता. त्याच्याबरोबर लिहिण्याची रीतहि उलटली. आतां पहिला आंकडा टायरच्या जाडीचा, आणि दुसरा तो ज्या रिमवर बसावयाचा तिच्या व्यासाचा. १९२८ सालच्या फोर्ड ‘मॉडेल ए’ला ४.५०-२१ हा टायर होता. म्हणजे अवघ्या पांच-सात वर्षांत एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांच्या चाकांवर दोन निरनिराळ्या भाषा आल्या.

आपल्या जुन्या दफ्तरांचा अभ्यास करणारांना ही अडचण नवी वाटणार नाहीं. एखाद्या कागदावर १७०० असें साल दिसलें तर तें शकाचें कीं इसवी सनाचें, हें आधीं ठरवावें लागतें. नाहींतर अठ्याहत्तर वर्षांची चूक पदरीं येते. शुहूर सन असेल तर अंतर सहाशें वर्षांच्या घरांत जातें. टायरवरचे आंकडेहि असेच आधीं काळाच्या कसोटीला लावून मग वाचावयाचे असतात.

या बलून टायरांत दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे टाकलेले असत. बाज विणतांना सुतळी जशी आडवी-तिडवी जाते, तशीच ही विणकर. टायर रस्त्यावर दबला कीं हे तिरपे दोरे कातरीच्या पात्यांप्रमाणें एकमेकांवर सरकत. त्यांतून उष्णता निघे, रबर झिजे, आणि वळणावर टायरचा तळ रस्त्यावरून किंचित् उचलला जाई. या रचनेला क्रॉस-प्लाय म्हणतात. आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगांतील बहुतेक मोटारी हिच्याच आधारावर चालल्या.

रेडियल टायरची कथा फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ या गांवची आहे. मिशेलिनच्या कारखान्यांत मारियुस मिन्योल नांवाचा गृहस्थ मुळांत छापखान्याच्या कामावर लागला होता. पुढें तो संशोधनाकडे वळला. टायर नेमका कोठें तापतो हें शोधण्यासाठीं त्यानें एक विलक्षण टायर बनविला. त्याच्या बाजू भरीव नसून दूर दूर लाविलेल्या तारांच्या होत्या. हा टायर ‘माशांचा पिंजरा’ म्हणून ओळखला गेला. त्या पिंजऱ्यानें दाखविलें तें असें, कीं तिरप्या दोऱ्यांवांचूनहि टायर उभा राहूं शकतो. दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, त्रिज्येच्या दिशेनें न्यावे, आणि तळाखालीं पोलादी तारांचा पट्टा आवळावा, म्हणजे बाजू लवचिक राहतात व तळ ताठ राहतो. ‘रेडियल’ हें नांव त्या त्रिज्येवरून पडलें. महायुद्धांत जर्मन अंमलाखालीं हें काम चाललें. पेटंटाचा अर्ज १९४६ च्या ४ जूनला झाला, आणि १९४९ मध्यें ‘मिशेलिन एक्स’ या नांवानें टायर बाजारांत आला.

त्या वेळीं सित्रोएन मोटार कंपनी मिशेलिनच्याच ताब्यांत होती. म्हणून पहिला मान तिच्या ‘त्राक्सियों आव्हां’ गाडीला मिळाला. या गाडीचें माप १६५-४०० असें आहे, आणि जुन्या गाड्यांच्या छांदिष्टांसाठीं त्यांत एक सापळा आहे. दुसरा आंकडा येथें इंचांचा नसून मिलिमीटरांचा आहे. चारशें मिलिमीटर म्हणजे पावणेसोळा इंच. पंधरा इंची टायर या चाकावर चढत नाहीं. सोळा इंची चढतो, पण तो त्या रिमचा नव्हे. ढिली धाव बैलगाडीच्या वेगानें निखळली तर गाडीवान फार तर खालीं उतरतो. मोटारीच्या वेगानें निखळली तर काय होईल, तें सांगावयास नको. या गाडीला १६५-४०० हाच टायर पाहिजे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. जुन्या इंची मापाचा रेडियल शोधतांना पुष्कळ लोक इंचांचे सरळ मिलिमीटर करतात, आणि येथेंच चुकतात. १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत झळकलेल्या जॅग्वार एक्सके १२० चें उदाहरण घ्या. तिचा मूळ टायर ६.००-१६ हा होता. सहा इंच म्हणजे १५२ मिलिमीटर. तेव्हां जवळचा रेडियल १५५-१६ असावा, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु जुन्या क्रॉस-प्लायची उंची जवळजवळ त्याच्या रुंदीइतकी असे. रेडियलच्या अंगावर प्रमाण छापलेलें नसेल, तर त्याची उंची रुंदीच्या शेंकडा ८० ते ८२ धरावयाची असते. या हिशोबानें १५५ चा रेडियल अवघा १२७ मिलिमीटर उंच भरतो, आणि चाक अठ्ठावीस इंचांऐवजीं सव्वीस इंचांचें होतें. गाडी दोन बोटें खालीं बसते, यंत्राला प्रत्येक मैलामागें अधिक फेरे घालावे लागतात, आणि वेगदर्शक कांटा ताशीं १०० दाखवितो तेव्हां खरी गति ९३ च्या आसपासच असते. उलट १८५-१६ च्या रेडियलची उंची ८२ च्या प्रमाणानें १५२ मिलिमीटर येते. म्हणजे मूळच्या सहा इंचांशीं तंतोतंत जुळते. या गाडीला आज १८५ चा रेडियल योग्य मानतात तो यामुळेंच. जुळवावयाची ती उंची. रुंदी मागाहून पाहावयाची.

आपल्या ओळखीच्या गाड्यांनाहि हाच नियम लागू आहे. १९५४ पासून मुंबईंत कुर्ल्यास बनूं लागलेल्या व पुढें ‘पद्मिनी’ नांवानें घरोघर पोंचलेल्या फियाटचें माप ५.२०-१४, आणि अँबॅसडरचें ५.९०-१५. अँबॅसडरच्या ५.९० चे मिलिमीटर केले तर १५० होतात. पण उंचीच्या हिशोबानें १५५ चा रेडियल फार ठेंगणा पडतो आणि १७५ चा जवळ येतो. अर्थात् सुकाणूं पुरतें वळविलें असतां टायर कोठें घासत नाहीं ना, हें पाहिल्यावांचून कोणताहि आंकडा अंतिम समजूं नये.

उंची जुळली म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. रिमची रुंदी पाहिली पाहिजे. एमजी टीसीची रिम एकोणीस इंच उंच आणि अवघी अडीच इंच रुंद आहे. अशा चाकावर रुंद रेडियल कोंबला तर त्याच्या बाजू आंत ओढल्या जातात, आणि ताठ तळाचा फायदा हातचा जातो. तारांच्या आऱ्यांच्या चाकांत ट्यूब हवीच, कारण आऱ्यांच्या भोंकांतून हवा निसटते. आणि ट्यूब घालण्यापूर्वीं टायरच्या आंतील कागदी चिठ्ठी काढून टाकावी, नाहींतर तीच ट्यूब कुरतडते. वेगाचें अक्षरहि पाहावें: एस म्हणजे ताशीं १८० किलोमीटर, एच म्हणजे २१०. ताशीं १२० मैल धांवणाऱ्या जॅग्वारला एस पुरत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पुढें रेडियल व मागें क्रॉस-प्लाय अशी भेसळ कधींहि करूं नये. पुढचीं चाकें रस्ता धरून ठेवितात, मागचीं सुटतात, आणि वळणावर गाडी शेपूट फिरविते. ब्रिटिश कायद्यानें ही भेसळ निषिद्ध आहे.

यावरून प्रत्येक जुन्या गाडीला रेडियल घालावेच, असा निष्कर्ष काढूं नये. क्रॉस-प्लाय हळूहळू घसरतो आणि चालकाला आधीं कळवितो. रेडियल अधिक वेळ धरून ठेवितो. पण सुटला म्हणजे एकाएकीं सुटतो. पहिल्या प्रकारच्या स्वभावावर ज्या गाडीचे धनुष्य आणि सुकाणूं बेतलेले आहेत, तिला दुसरा प्रकार मानवेलच असें नाहीं. उंच अरुंद चाकांच्या १९३० पूर्वींच्या गाड्यांना त्यांच्याच काळची रचना शोभते आणि सोसते. आणि तशा रचनेचे टायर आजहि नव्यानें बनविले जातात. पन्नास-साठ सालांनंतरच्या, रोज रस्त्यावर काढावयाच्या गाडीला मात्र रेडियल हें वरदान आहे.

शेवटीं एक गोष्ट. छांदिष्टाची गाडी वर्षांतून दहा-वीस वेळां बाहेर पडते. तिचा टायर झिजत नाहीं, म्हातारा होतो. वरून नक्षी कोरी दिसते, आंतून रबर कडक होऊन तडकतें. २००० सालानंतरच्या टायरवर चार आंकड्यांची एक खूण असते: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मापाचे आंकडे पाहतांना हाहि आंकडा वाचावा. जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार करतांना चुन्याऐवजीं सिमेंट भरलें तर तें मूळ दगडासच फोडतें, हें आपण पाहतों. मोटारीचें तसेंच. जिला आपण जपूं म्हणतों तिचा काळ आधीं वाचला पाहिजे. कारण तिच्या चाकावर नुसता इतिहास बसलेला नसतो, आपल्या घरचीं माणसेंहि बसलेलीं असतात.