कार्यात्मक एम.आर.आय.
मेंदूच्या कार्यरत भागांतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणारी प्रतिमादर्शन पद्धती (पहा : चुंबकीय अनुस्पंदन). सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत उंदरांवरील प्रयोगांतून तिचे मूलतत्त्व दाखविले. मानवी मेंदूवरील निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्सिजनरहित हीमोग्लोबिन समचुंबकीय असल्याने संकेत क्षीण करते. चेतापेशी सक्रिय झाल्या की तेथे ऑक्सिजनयुक्त रक्त गरजेहून अधिक येते व संकेत वाढतो; हा प्रतिसाद साधारण ५ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो. किरणोत्सर्गी द्रव्य टोचावे लागत नाही, पण डोके किंचित हलले तरी मापन बिघडते. अवसाद व छिन्नमानस (पहा) यांत मेंदूच्या भागांमधील समन्वय अभ्यासण्यास ही पद्धती मोलाची ठरली आहे. तथापि तिने मुख्यतः रुग्णगटांतील सरासरी फरक कळतात. एकेका रुग्णाच्या मानसिक विकाराचे निदान अद्याप मुलाखत व लक्षणांवरूनच केले जाते.