लव्हाळ्याची तेहतीस वर्षे

वॉशिंग्टन शहराच्या पूर्वेला, मेरीलँड राज्यात, ऱ्होड नावाची एक लहानशी नदी चेसापीक उपसागराला मिळते. तिच्या काठी रॉबर्ट ली फॉरेस्ट नावाच्या गृहस्थांचा ‘जावा फार्म’ हा गाईंचा गोठा आणि त्याभोवतीची शेतजमीन होती. १९६२ साली त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे ही सारी मालमत्ता स्मिथसोनियन संस्थेकडे आली. संग्रहालये चालवणाऱ्या संस्थेला गोठ्याचे काय करायचे, हा प्रश्न पडणे साहजिकच होते. तीन वर्षांनी तिथे निसर्गाच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. तेच आजचे स्मिथसोनियन पर्यावरण संशोधन केंद्र.

या केंद्राच्या हद्दीत कर्कपॅट्रिक मार्श नावाचे एक खाजण आहे. खाजण म्हटले की आपल्यासमोर कांदळवन येते. तिथल्या थंडीत कांदळ टिकत नाही. भरतीच्या मचूळ पाण्यात फक्त गवते उभी असतात. त्यांतली एक वनस्पती आपल्या लव्हाळ्याच्या कुळातली, तीनधारी दांड्याची. दुसरे स्पार्टिना पेटन्स नावाचे बारीक गवत, भरतीच्या पाण्याने आडवे पडणारे. पायाखालची माती म्हणजे नदीचा गाळ फार थोडा आणि शेकडो वर्षांच्या न कुजलेल्या मुळांचा थरच अधिक. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मर्म या मुळांत आहे.

१९८७ साली बर्ट ड्रेक या वनस्पतिशास्त्रज्ञाने या खाजणात पारदर्शक भिंतींच्या, वरून उघड्या कोठ्या बसवल्या. त्या वेळी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३५० होते. निम्म्या कोठ्यांत पंख्याने साधी हवा सोडायची आणि निम्म्यांत त्याच हवेत आणखी ३४० भाग वायू मिसळायचा, म्हणजे पुढच्या शतकाची हवा आजच तयार करायची. असे प्रयोग तोवर बहुतेक काचगृहांत, कुंड्यांतल्या रोपांवर होत. कुंडीतल्या रोपाला शेजारी नसतो, भरती नसते, दुष्काळी वर्षही नसते.

दोन वनस्पती निवडण्यात खुबी होती. प्रकाशसंश्लेषणाच्या रीतीप्रमाणे वनस्पतींचे मुख्य गट पडतात. भात-गहू सी-३ गटातले. ऊस, ज्वारी, मका सी-४ गटातले. सी-४ वनस्पती कार्बन डायऑक्साइड पेशींत आधीच गोळा करून वापरतात, म्हणून हवेत तो वाढला तरी त्यांना फारसा लाभ नाही. सी-३ला मात्र होतो. लव्हाळा सी-३, स्पार्टिना सी-४. अपेक्षेप्रमाणे लव्हाळा फोफावला, गवत होते तसेच राहिले.

एवढ्यावर प्रयोग संपवता आला असता. संशोधनाची अनुदाने बहुधा दोन-तीन वर्षांची असतात. निष्कर्ष छापून दुसरीकडे वळणे सोयीचे असते. इथे मात्र दर उन्हाळ्यात लव्हाळ्याचे दांडे मोजणे चालू राहिले. फळ्यांच्या वाटेवरून जायचे, खाली पाय ठेवायचा नाही. पाऊल पडले की मऊ माती दबते, आणि पुढे तर मोजायचे होते मिलिमीटरच.

कारण आता प्रश्न बदलला होता. समुद्र चढतो आहे. खाजणाची जमीन त्याच्याबरोबर चढेल का? तिथे समुद्र चढतोच, शिवाय हिमयुगातल्या बर्फाचे ओझे उतरल्यापासून जमीनही हळूहळू खचते आहे. जमिनीची उंची मोजायची रीत साधी आहे. एक सळई खाली रुतेनाशी होईपर्यंत ठोकायची, तिच्यावर आडवा दांडा बसवायचा, त्यातून नऊ काड्या मातीला टेकेपर्यंत खाली सोडायच्या आणि त्या किती वर राहिल्या ते टिपायचे. पुन्हा यायचे आणि त्याच जागी टिपायचे. याच खाजणातल्या दुसऱ्या प्रयोगात, अ‍ॅडम लँग्ली, पॅट्रिक मेगोनिगल आणि सहकाऱ्यांना दिसले की जादा वायूच्या कोठ्यांत जमीन दोन वर्षे दरसाल ३.९ मिलिमीटर अधिक चढली. मुळे वाढली, मातीचा थर फुगला. हा निबंध २००९चा. ज्या वायूने समुद्र चढतो, तोच खाजणाला वर उचलतो, असा दिलासा त्यातून घेता येत होता. ‘निळा कार्बन’ हा शब्दप्रयोग संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातून रूढ झाला, तोही त्याच वर्षी.

ड्रेकच्या जुन्या कोठ्यांतले दांडे मात्र वेगळे सांगू लागले होते. १९८७ ते २०१९ या काळाचा हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्या अवधीत हवेतला वायू १८ टक्क्यांनी वाढला आणि समुद्राची पातळी २३ सेंटिमीटरने. पहिली दोन दशके जादा वायूचा लाभ ठळक होता. २००५नंतर तो ओसरला. पाणी एका मर्यादेपलीकडे चढल्यावर मुळांची वाढच अडली. पुराला वाकून तगणारा लव्हाळा आपल्या संतांनी गौरवला आहे. पण पूर ओसरतो म्हणून तो तगतो. इथले पाणी ओसरणारे नव्हते.

म्हणजे पाचव्या किंवा पंधराव्या वर्षी विचारले असते तर उत्तर ‘लाभ’ असे आले असते, आणि ते खोटे नसते. अपुरे असते. मला या तेहतीस वर्षांतली ही गोष्ट सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

मेरीलँडचे आकडे कोकणाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्या खाड्यांत पावसाळ्याचा गाळ उतरतो, तिथे तो जवळजवळ नाही. तरी कांदळांची मुळेही जमीन उचलतात. बेलीझच्या बेटांवर, जिथे नदी नाही, तिथे जमीन मुळांनीच चढवली आहे. हे दाखवणाऱ्या कॅरन मकी २००९च्या निबंधाच्याही सहलेखिका आहेत. महाराष्ट्रात २०१२पासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, आणि निळ्या कार्बनचे हिशेब आपल्याकडेही मांडले जातात. झाडे किती, हे उपग्रहावरून कळते. त्यांच्या बुंध्याशी चिखल दरसाल किती मिलिमीटर चढला, हे तिथे जाऊन, त्याच जागी, वर्षानुवर्षे काड्या टेकवल्याशिवाय कळत नाही. आणि जिथे भराव घालून भरती अडवली, तिथे गाळ येणेच बंद झालेले असते.

कर्कपॅट्रिक खाजणात २०१६पासून आणखी एक प्रयोग चालू आहे. वर अवरक्त दिवे आणि मातीत तारा घालून ते तुकडे ५.१ अंशांपर्यंत तापवतात. लव्हाळ्याचे दांडे तिथेही दर उन्हाळ्यात मोजले जातात.