भिंतीकडे बघून कोपऱ्यापलीकडचं कसं दिसतं? पोलराइज्ड प्रकाशाची गोष्ट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर पडताना एक वळण लागतं, पलीकडचं काहीच दिसत नाही. मागच्या महिन्यात सायकलवरचा एक मुलगा अचानक माझ्या बाईकसमोर आला. ब्रेक वेळेवर लागला म्हणून बरं! तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न: कॅमेऱ्याला कोपऱ्यापलीकडचं दिसू शकतं का?

उत्तर आहे, हो. 2012 मध्ये एमआयटीच्या टीमने लेझरचा प्रकाश भिंतीवरून उसळवून, तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजून, लपलेल्या वस्तूचा आकार काढून दाखवला. त्या टीममध्ये आपल्या नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रमेश रासकर होते. पण त्याला खूप महागडी उपकरणं लागतात. लेझर नसेल तर?

भिंत आरसा का नाही?

लपलेल्या वस्तूचा प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतोच. पण भिंत खडबडीत, त्यामुळे तो सगळीकडे विखुरतो. भिंतीच्या प्रत्येक ठिपक्यावर वस्तूच्या सगळ्या भागांच्या प्रकाशाची मिसळ झालेली असते. ती वेगळी करणं म्हणजे समीकरणं सोडवणं. अडचण अशी, की शेजारच्या ठिपक्यांची समीकरणं जवळपास सारखीच असतात. फोटोत जरा नॉइज आला की उत्तर पार बिघडतं.

इथे पोलरायझेशन कामाला येतं

प्रकाश ही लहर आहे आणि तिच्या कंपनाला दिशा असते. पोलराइज्ड फिल्टर ठरावीक दिशेचं कंपनच पुढे जाऊ देतो. पोलराइज्ड गॉगल एलसीडी स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात स्क्रीन बहुतेक काळी पडेल.

2020 मध्ये केनिचिरो तानाका, यासुहिरो मुकाइगावा आणि अच्युत कदंबी यांनी हेच वापरलं. भिंतीवर तिरपा येणारा प्रकाश परतताना त्याचं पोलरायझेशन वेगळं असतं. कॅमेऱ्यापुढे फिल्टर ठेवला की वस्तूच्या कुठल्या भागाचा प्रकाश किती येणार हे बदलतं. समीकरणं एकमेकांपासून वेगळी होतात आणि उत्तर जास्त भरवशाचं मिळतं. गंमत म्हणजे फिल्टर साधारण निम्मा प्रकाश अडवतो, तरी चित्र सुधारतं. डेटा कमी, पण कामाचा!

आपल्या फोनमध्ये कधी?

सध्या तरी नाही. भिंत प्रकाश कसा परतवते हे आधी माहीत असावं लागतं, आणि मिळणारं चित्रही धूसरच असतं. पिक्सेलवर चार दिशांचे सूक्ष्म फिल्टर असलेले सोनीचे सेन्सर आहेत, पण ते मुख्यतः कारखान्यांतल्या तपासणीसाठी.

आणि एक लक्षात ठेवा: हे भिंतीच्या आरपार बघणं नाही. 'भिंतीपलीकडे बघा' म्हणणारं ॲप दिसलं तर ते फसवं समजा, कॅमेऱ्याची परवानगी देऊ नका.

आमच्या पार्किंगच्या वळणावर? तिथे आम्ही सरळ बहिर्गोल आरसा बसवलाय.