साबणाची नाटके आणि एक विद्यार्थी

विद्यार्थ्यांच्या मतांस इतिहासात सहसा स्थान मिळत नाही. विद्यार्थ्याने वर्गात मत द्यावे, प्राध्यापकाने हसून ते खोडावे, आणि परीक्षा संपताच उभयतांनी ते विसरून जावे, असा जगाचा रिवाज आहे; आणि आमचा जन्म ह्याच व्यवसायात गेला असल्यामुळे तो रिवाज सर्वस्वी वाईट आहे असेही आमच्याने म्हणवत नाही. परंतु क्वचित असे घडते की, मत देणारा विद्यार्थी कॉलेज सोडून जातो, ज्या नाटकांवर त्याने टीका केली ती नाटकेही बंद पडतात, आणि मत तेवढे मागे उरते. गिल स्कॉट-हेरन ह्या अमेरिकन कृष्णवर्णी तरुणाने इ. स. १९७० मध्ये आपल्या देशातील दूरचित्रवाणीविषयी दिलेले मत ह्या जातीचे आहे. ते त्याने निबंधात मांडले नाही. ढोलांच्या तालावर बोलून दाखविले. 'द रिव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड' हे त्या रचनेचे नाव. ह्या नावाचा पुढे घोषवाक्यासारखा इतका वापर झाला की, आत काय आहे हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. बातम्या देणारे लोक क्रांतीची वार्ता दडपून ठेवतात, एवढाच तिचा अर्थ सर्वत्र समजला जातो. आमच्या मते मात्र ती मुख्यतः नाट्यपरीक्षा आहे, आणि तशीच ती वाचली पाहिजे.

ती कोणत्या नाटकांची परीक्षा, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इ. स. १९३० नंतर अमेरिकेत नभोवाणीवर दुपारच्या वेळी, गृहिणी घरकामात असताना, रोज थोडीथोडी पुढे सरकणारी कौटुंबिक नाटके सुरू झाली. १९३३ साली आरंभ झालेले 'मा पर्किन्स' हे त्यांतले प्रख्यात. त्यांचा खर्च धुण्याची पूड आणि साबण करणारे कारखानदार सोसत. म्हणून त्यांस 'साबणाची नाटके' हे चेष्टेचे नाव पडले, आणि चेष्टेची बहुतेक नावे चिकटतात तसे ते चिकटले. पुढे चित्रपडदा घरात आला आणि नाटके त्यावर गेली. १९५१ मध्ये निघालेले 'सर्च फॉर टुमारो' हे तब्बल पस्तीस वर्षे, १९८६ पर्यंत, चालू राहिले! कोणाचे कोणाशी जमते, जमलेले केव्हा मोडते, ह्या प्रश्नाचे उत्तर उद्यावर ढकलणे हेच ह्या नाटकांचे तंत्र. नाटकाच्या अंगी काही दोष असो वा नसो, खर्च सोसणाऱ्यास त्यात एकच गोष्ट चालणारी नव्हती: प्रेक्षकाने पडद्यापुढून उठून जाणे.

ह्या तंत्राकडे पाहणारा तरुण कोण होता? त्याचा जन्म १९४९ चा, शिकागोतला. बालपण टेनेसी प्रांतातील जॅक्सन येथे आजीपाशी गेले. आजीने त्यास पियानो मिळवून दिला आणि लँग्स्टन ह्यूज ह्या कवीची ओळख करून दिली. १९६२ च्या सुमारास, ज्या शाळेत तोवर केवळ गोऱ्यांची मुले होती तीत प्रवेश करणाऱ्या पहिल्या तीन कृष्णवर्णी मुलांत हा एक होता. आजीच्या पश्चात तो आईबरोबर न्यूयॉर्कास आला, आणि पुढे पेन्सिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात गेला; कारण एवढेच की, ह्यूज तेथे शिकला होता. १८५४ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यालयाने घानाचे एन्क्रूमा आणि अमेरिकेचे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल ह्यांसही घडविले आहे. येथेच १९६९ मध्ये 'द लास्ट पोएट्स' ह्या हार्लेमच्या कविमंडळाचा प्रयोग त्याने ऐकला. त्या मंडळाचे कवी तालवाद्यांवर कविता म्हणत. कीर्तनकाराच्या निरूपणाची लय ज्यांच्या कानांत आहे, त्यांस हा प्रकार फारसा समजावून द्यावा लागणार नाही: गाणे नव्हे, नुसते बोलणेही नव्हे, शब्द मोकळा, पण पाऊल तालावर.

ह्या घाटात त्याने आपली रचना बसविली. 'स्मॉल टॉक ॲट वन ट्वेंटी-फिफ्थ अँड लेनॉक्स' ह्या १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तिला ढोलांखेरीज साथ नाही. १९७१ मध्ये ती पुन्हा मुद्रित झाली तेव्हा बासरी आणि वाद्यवृंद आला. आम्हांस पहिलीच अधिक आवडते, परंतु ह्या बाबतीत आमच्या मताचे लोक थोडे आहेत. रचनेत जाहिरातींचे तुकडे आणि नाट्यमालिकांची नावे एकामागून एक येतात. 'ग्रीन एकर्स' आणि 'द बेव्हर्ली हिलबिलीज' ह्या खेडवळांच्या विनोदी मालिका, उपर्युक्त 'सर्च फॉर टुमारो', आणि 'ज्युलिया' ही सारी त्यात आली आहेत. म्हणणे असे की, रस्त्यावर जे घडत आहे त्यापुढे ह्यांचे मूल्य उरणार नाही, आणि ते घडताना घरी बसून पाहण्याची सोयही असणार नाही. पुढे एका मुलाखतीत त्याने खुलासा केला की, पहिला पालट माणसाच्या मनात होतो आणि मनातले छायाचित्र कोणास घेता येत नाही. हा खुलासा विसरून जे त्यास वर्तमानपत्रांचा टीकाकार समजतात, ते त्याचे निम्मेच म्हणणे ऐकतात.

तथापि 'ज्युलिया'च्या बाबतीत ह्या विद्यार्थ्याचा तोल गेला आहे, असे आम्हांस वाटते. १९६८ ते १९७१ पर्यंत चाललेल्या ह्या मालिकेची नायिका कृष्णवर्णी परिचारिका होती. तिचा पती व्हिएतनामात पडलेला. तोवर पडद्यावर मोलकरणीचीच भूमिका ज्यांच्या वाट्यास येई, त्या स्त्रियांस ही केवढी जागा मिळाली! मालिका गुळगुळीत होती, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील हाल तीत नव्हते, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि तो खरा आहे; पण तिला इतर करमणुकीच्या ढिगात लोटणे न्यायाचे नव्हे. शिवाय, पडदा सर्वदा झोपच आणतो हेही सत्य नाही. ७ मार्च १९६५ च्या रात्री एका कंपनीने 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' हा नाझींच्या खटल्यावरील चित्रपट मध्येच थांबवून सेल्मा येथील शांत मोर्चावर पोलिसांनी केलेल्या लाठीमाराची दृश्ये दाखविली. लाखो कुटुंबांनी ती पाहिली, आणि त्याच वर्षी मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. केवळ पाहण्याने झाला असे नव्हे. पण पाहण्यावाचून इतक्या लवकर झाला असता काय?

१९७१ मध्ये मौज अशी झाली की, विद्यार्थ्याने नावे घेतलेल्या दोन्ही खेडवळ मालिका खुद्द मालकांनीच बंद केल्या. क्रांतीच्या भयाने नव्हे. शहरी तरुण गिऱ्हाईक त्या पाहीना, आणि जाहिरातदारांस तेच गिऱ्हाईक हवे होते. त्या जागी वर्णद्वेष, युद्ध ह्यांवर उघड भांडणारी पात्रे आली. जानेवारी १९७७ मध्ये अलेक्स हेली ह्याच्या ग्रंथावरील 'रूट्स' ही गुलामगिरीची कथा ओळीने आठ रात्री दाखविण्यात आली, आणि गोऱ्यांच्याही कोट्यवधी घरांनी ती पाहिली. खर्च पूर्वीप्रमाणेच जाहिरातदार सोशीत होते.

आमच्याकडे ह्या सनावळीशी जुळणारी एक नोंद आहे. ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती १९७२ मध्ये, आणि मुंबईस दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले तेही त्याच वर्षी, २ ऑक्टोबरास. पँथरचे तरुण कवी होते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' त्याच सालचा. त्यांचा शब्द पडद्यावरून नव्हे, अनियतकालिकांतून आणि सभांतून लोकांपर्यंत गेला.

स्कॉट-हेरनच्या घाटाचे पुढे काय झाले? १९७३ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात तबकड्यांच्या तालावर बोलण्याची जी रीत वाढली, तिला रॅप म्हणतात. त्या रीतीचा पितामह म्हणून लोक त्यास मान देऊ लागले. तो मान त्यास फारसा रुचला नाही. इ. स. १९९० नंतर एका पादत्राणांच्या कारखानदारांनी ह्याच रचनेची धाटणी दूरचित्रवाणीवरील जाहिरातीस वापरली, आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांत तिचा समावेश केला. मध्यंतरी १९९४ च्या 'स्पिरिट्स' ह्या ध्वनिमुद्रिकेत त्याने 'मेसेज टू द मेसेंजर्स' ही रचना मुद्दाम तरुण रॅपगायकांस उद्देशून केली. तीत तो त्यांस अभ्यास करा, शब्दांची जबाबदारी ओळखा, असे बजावतो. पंचेचाळिसाव्या वर्षी तो अगदी प्राध्यापकांसारखे बोलू लागला होता.