आपली बाटली, परक्याचें मेज

जेवण भोजनगृहाचें आणि मद्य मात्र आपल्या पिशवींतून नेलेलें, ही रीति न्यूझीलंडमध्यें आज इतकी रुळली आहे कीं, दारावरच्या ‘बी. वाय. ओ.’ या तीन अक्षरांचा अर्थ तेथें कोणास विचारावा लागत नाहीं. ‘तुमची तुम्ही आणा’ एवढाच तो अर्थ. परदेशच्या प्रवाशास ही मोठ्या मोकळ्या मनाची चाल वाटते. इतिहास पाहूं गेल्यास मात्र तिचा जन्म औदार्यांतून नव्हे, कायद्याच्या धाकांतून झाल्याचें दिसून येतें.

पहिल्या महायुद्धाच्या काळीं त्या देशांत मद्यनिषेधाच्या चळवळीनें जोर धरला होता. मद्यालयें सायंकाळीं सहा वाजतां बंद झालीं पाहिजेत, असा निर्बंध डिसेंबर १९१७ पासून आला. तो युद्धापुरता होता. पण पुढच्याच वर्षीं कायम करण्यांत आला. एप्रिल १९१९ मध्यें संपूर्ण दारूबंदीवर मत घेतलें, तेव्हां देशांतील नागरिकांचा कौल थोडक्या मतांनीं बंदीकडे झुकला होता. परदेशीं असलेल्या सैनिकांच्या मतांनीं तो फिरला. बंदी टळली, सहाचा ठोका मात्र राहिला, आणि पन्नास वर्षें राहिला! मार्च १९४९ मध्यें लोकांस पुन्हां विचारलें असतां सुमारें तिनास एक या प्रमाणांत त्यांनीं तोच उचलून धरला.

पुरुषांनीं वेळेवर घरीं जावें, हा निर्बंधाचा हेतु. झालें काय? पांचाच्या सुमारास कामावरून सुटलेला माणूस थेट मद्यालयांत शिरे, आणि तासाभरांत, उभ्याउभ्यानेंच, मावेल तेवढी बीअर पोटांत रिचवी. तेथील लोकांनीं या प्रकारास जें नांव दिलें तें डुकरांपुढें ओततात त्या खरकट्या धुवणाचें आहे. यापरतें बोलकें मत एखाद्या चौकशी-समितीलाही देतां आलें नसतें.

मद्याचे परवाने प्रायः हॉटेलांना, म्हणजे प्रवाशांस उतरावयास जागा देणाऱ्या घरांना मिळत. निव्वळ भोजनगृहांस ते मिळत नसत. मद्यव्यापाऱ्यांना नवा प्रतिस्पर्धी नको होता आणि निषेधकांना नवा गुत्ता नको होता. एरव्हीं एकमेकांचें तोंड न पाहणारे हे दोन पक्ष येथें एका बाजूस उभे! या साऱ्या प्रकरणांत मला हाच भाग सर्वांत लक्षणीय वाटतो. दोघांच्या मध्यें चिरडला गेला तो लहान भोजनगृहवाला. त्यांत कित्येक युरोपांतून आलेले होते, आणि जेवण व द्राक्षासव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हें त्यांना उमजतच नव्हतें. गिऱ्हाइकें बाटल्या लपवून आणीत व मेजाखालीं ठेवीत. मालक पाहून न पाहिल्यासारखें करी, आणि दोघांचेंही लक्ष दाराकडे असे. ऑकलंड येथें ‘गूर्मे’ नांवाचें भोजनगृह चालविणारे ओटो ग्रून हे डच गृहस्थ परवान्यासाठीं झगडले. अखेर १९६१ मध्यें भोजनगृहांना परवाने सुरू झाले. पण प्रारंभीं साऱ्या देशांत अवघे दहा!

सहाचा ठोका ऑक्टोबर १९६७ मध्यें दहावर गेला. तरीही पूर्ण परवाना मिळविणें खर्चाचें व खटपटीचें होतें. म्हणून १९७६ मध्यें एक निराळाच परवाना निघाला: मालकानें मद्य विकूं नये, गिऱ्हाइकानें आणलें तर पिऊं द्यावें. मेजाखालची बाटली अशी मेजावर आली. थोड्या भांडवलाचीं भोजनगृहें त्यामुळें तगलीं. पण याहून मोठी गोष्ट अशी कीं, जेथें उभ्यानें, घाईनें आणि बहुधा पुरुषांतच पिणें चाले, तेथें आतां बायकामुलांसमवेत, बसून, घांसाबरोबर एखादा पेला घेणें मध्यम प्राप्तीच्या माणसासही परवडूं लागलें. माणसास घरच्या माणसांत आणण्याचें जें काम सहाच्या ठोक्यास पन्नास वर्षांत साधलें नाहीं, तें थोडेंबहुत या परवान्यानें केलें, असें म्हणण्यास मला संकोच वाटत नाहीं.

१९८९ च्या कायद्यानें परवाने सुलभ केले. रीतीचें मूळ कारण संपलें, रीति संपली नाहीं. २०१२ च्या कायद्यांतही तिच्यासाठीं वेगळी तरतूद आहे. स्वतः मद्य विकणारीं कित्येक भोजनगृहेंसुद्धां गिऱ्हाइकाची बाटली चालवून घेतात; मात्र ती बहुधा द्राक्षासवाचीच असावी लागते, आणि बूच काढण्याचा आकार बिलांत लागतो, कोठें बाटलीमागें, कोठें माणशीं.