आडोशाचं कूळ

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली एक शेड. टेबलावर पंपाची गंजलेली बॉडी, समोर पिस्तुलासारखी गन धरलेला कामगार. बटण दाबलं की चरचर आवाज होतो, तांबूस गंज धुरळ्यासारखा उडतो आणि खालून राखाडी लोखंड उघडं पडतं. वाळू नाही, ॲसिड नाही, ग्राइंडरचा ठणाणा नाही. कामगाराच्या डोळ्यांवर हिरवट चष्मा, भोवती लाल, मेणकट, अर्धवट आरपार दिसणारा पडदा. पडदा कुठून आणला, असं मालकांना विचारलं.

"वेल्डिंगचाच आहे. पडून होता."

पडून होता म्हणून लावला! आपल्याकडच्या निम्म्या आडोशांची जन्मकथा एवढीच असते. या पडद्याचं कूळ मात्र काढून बघावं असं वाटलं.

मूळपुरुष लोहाराचा आडोसा. भात्याजवळ तो अंधार ठेवतो, कारण लोखंड किती तापलं हे त्याला रंगावरून कळतं. तिथला आडोसा उजेड बाहेर ठेवण्यासाठी होता, आतला उजेड अडवण्यासाठी नव्हे. पुढे या भागात नांगर लोहाराच्या हातून कारखान्यात गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपरांचा कारखाना १९२२ चा. किर्लोस्करवाडीच्या जन्मात एक गंमत आहे. जागा देणारे औंधचे पंतप्रतिनिधी हौशी नव्हे, चांगले चित्रकार. आणि जागा घेणारे लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेले, कारण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. रंगाने फसणारा डोळा या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

ओतकामाबरोबर साफसफाई आली. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते. ती झटकायला वाळूचाच मारा करायची युक्ती अमेरिकेतल्या बेंजामिन टिल्घमन यांची, पेटंट १८७० चं. वाळू फुटून जी बारीक धूळ होते ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, हे कळायला पुष्कळ माणसं गेली. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कास्टिंगवरचा वाळूचा मारा थांबवला. वाळूच्या जागी लोखंडी छर्रे आले आणि काम बंद खोलीत गेलं. दार लावलेली, हवा ओढून घेणारी ही खोली म्हणजे आपल्या आडोशाचं एक घराणं. त्याचं काम आतलं बाहेर जाऊ न देणं.

दुसरं घराणं वेल्डिंगचं. इथे शत्रू उजेड. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघितलं की दिवसभर काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं. मग बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी, घरातल्या सगळ्यांचे सल्ले. ही इजा बुबुळाच्या बाहेरच्या पडद्याला होते आणि बहुधा एकदोन दिवसांत भरून येते. लाल-नारिंगी पडदा यासाठीच. अतिनील आणि निळा उजेड तो अडवतो, बाकीचा येऊ देतो म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३५ वं कलम याच जगातलं. उडणारे कण किंवा अतिप्रखर उजेड असेल, तर काम करणाऱ्यालाच नव्हे, अगदी लगत वावरणाऱ्यालाही पडदे किंवा गॉगल मिळावेत, असे नियम राज्य सरकारला त्याने २०२५ पर्यंत करता येत. त्यातल्या 'किंवा'कडे लक्ष ठेवा.

कुपवाडच्या गनमध्ये आहे लेझर. त्याचा शोध १९६० चा. थोड्याच वर्षांत भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शॉलो यांनी त्याने कागदावरची टाइप केलेली अक्षरं खोडून दाखवली. शाई उजेड पिते आणि उडून जाते, कागद तो परतवतो आणि वाचतो. सत्तरच्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ जॉन आस्मस व्हेनिसला पुतळ्यांचे होलोग्राम करायला गेले आणि त्याच किरणाने संगमरवरावरची काळी पुटं निघतात, हे त्यांच्या लक्षात आलं. कुपवाडमध्ये गंज उडतो तो याच तत्त्वावर. आणि धोकाही त्याच तत्त्वातून येतो: गंज किरण पितो, लोखंड परतवतं. पत्रा जितका लख्ख होत जाईल तितका किरण इकडेतिकडे उसळतो.

हा किरण १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे अदृश्य. डोळा मिटत नाही, कारण काही दिसतच नाही. डोळ्याचं भिंग मात्र तो नेमका मागच्या पडद्यावर गोळा करतं. तिथे दुखत नाही आणि तिथली जखम भरत नाही. बटाटा इथे कामाचा नाही. वेल्डिंगचा लाल पडदा या किरणासाठी बनलेलाच नाही. साधी काच आणि पॉलिकार्बोनेट तर उघडं दार. उलट फिकट हिरवट, आरपार दिसणारी खास खिडकी याच किरणाचा दहा लाखांतला एक भागच जाऊ देऊ शकते. गडद ते सुरक्षित आणि फिकट ते कच्चं, हा डोळ्याचा हिशेब इथे उलटा पडतो. म्हणून पडदा रंगावर निवडायचा नाही. त्यावर तरंगलांबी आणि किरण किती अडतो ते सांगणारी प्रकाशीय घनता छापलेली असते ती वाचायची. किती सेकंद टिकतो हेही. आंतरराष्ट्रीय मानकात आडोशाच्या परीक्षा १०, १०० आणि ३०,००० सेकंदांच्या आहेत. शेवटची आठ तासांच्या पाळीहून थोडी मोठीच. माणूस सतत बघत असेल तर पहिली पुरते, यंत्र एकटं चालणार असेल तर शेवटची.

माझ्या मते निवडताना खरी चूक इथेच होते. लेझरवाला फक्त उजेडाच्या घराण्यातला आडोसा मागतो. पण गंजाबरोबर जुना रंग, तेल, जस्तही उडतं, आणि त्याला छर्ऱ्यांच्या खोलीसारखी बंद जागा आणि धूर ओढणारा पंखा लागतो. दोन्ही घराणी एकत्र आणायची म्हणजे पत्र्याची केबिन, दार उघडताच किरण तोडणारा स्विच, बाहेर लाल दिवा. आत चष्माही. कायद्यातला 'किंवा' इथे 'आणि' होतो. केबिनला छप्परही लागतं. शेडमध्ये क्रेन असेल तर वर बसलेला माणूस नेमका उसळलेल्या किरणाच्या वाटेत येतो.

हे बोलत असताना मालकांनी पडदा हाताने ताणून बघितला. खाली फरशीपासून टीचभर फट होती. तिच्यातून पलीकडे उभ्या असलेल्या चहावाल्याच्या चपला आणि हिंदकळणारी किटली दिसत होती. आत गन चालूच होती.