धरणाखालचं थंड पाणी

अमेरिकेत आर्कान्सामधल्या व्हाइट नदीत, सपाट बुडाच्या होडीतून प्रवाहाबरोबर जाताना माझ्या गळाला पहिला ट्राउट लागला. भर जुलैत पाणी बर्फासारखं होतं. नावाडी म्हणाला, हा मासा इथला नाहीच.

इथला मूळचा मासा स्मॉलमाउथ बास. त्याच्यासाठी लांबून हौशी लोक यायचे. दिवसभर होडीत, रात्री काठावर मुक्काम. मग पूरनियंत्रण आणि विजेसाठी १९४४ मध्ये उपनदीवर नॉरफोर्क धरण झालं. पाठोपाठ मुख्य नदीवर बुल शोल्स. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याचं लोकार्पण केलं.

पहिल्या वर्षाच्या 'बेसिक सिव्हिल'मध्ये मीही धरणाचे फायदे लिहिले होते: पूर, वीज, सिंचन. पाण्याच्या तापमानाचा मुद्दा त्यात नव्हता. जनित्रांकडे येणारं पाणी जलाशयाच्या खोल, थंड थरातलं. उबदार पाण्यातला बास त्यात टिकला नाही. भरपाई म्हणून केंद्र सरकारने मत्स्यपैदास केंद्र उभारलं, ट्राउट सोडले. आज त्यावर कितीतरी घरं चालतात. नावाड्याचंही.

पुढे बफेलो नदी येऊन मिळते. तिच्यावरही धरणं होणार होती. बरीच वर्षं वाद चालला आणि १९७२ मध्ये ती अमेरिकेची पहिली 'राष्ट्रीय नदी' झाली. तिच्यात बास अजून आहे.

संगमावर नावाड्याने होडी थांबवली. मी आधी एका बाजूला हात बुडवला, मग दुसऱ्या. बफेलोचं पाणी कोमट होतं.